डाव्या कोपऱ्यातली गळती

गळती पुन्हा त्याच जागी होती. मंगळवारी सकाळी लव्हेटा टॅकेटने गॅरेजचं दार वर सरकवलं, तेव्हा बत्तीस सालच्या फोर्ड रोडस्टर गाडीखाली हिरव्या पाण्याचं थारोळं साचलेलं होतं. तिने गुडघे टेकून वर बघितलं. रेडिएटरच्या खालच्या टाकीचा डावा कोपरा ठिबकत होता.

तिचा नवरा व्हर्लन काठी टेकत मागून आला.

"कुकोचा डाख," तो म्हणाला. "तीस वर्षं झाली, या माणसाला अजून डाख देता येत नाही."

"तोंडावर सांग त्याला."

"सांगतोच की. दर वेळी सांगतो. गाड्यांच्या क्लबातही सगळ्यांना ठाऊक आहे."

व्हर्लन शहात्तर वर्षांचा होता. ऑइलडेलच्या तेलविहिरींवर पंप दुरुस्त करण्यात त्याची सारी नोकरी झाली होती. हाताला कंप सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. त्या मार्चमध्ये, म्हणजे १९९६ च्या मार्चमध्ये, त्याने गाडी चालवायचा परवाना स्वतःहून परत केला. रोडस्टर त्याने एकोणसाठ साली स्वतःच्या हातांनी बांधली होती. तेव्हापासून तिचं स्टिअरिंग दुसऱ्या कोणी धरलं नव्हतं आणि तिचा एक नटही दुसऱ्या कोणी सोडवला नव्हता. दर जूनमध्ये क्लबच्या गाड्या तेहाचापीचा घाट चढून जात. व्हर्लनची एकही फेरी चुकली नव्हती. यंदाची फेरी शनिवारी होती, आणि परवाना परत केला त्याच संध्याकाळी त्याने लव्हेटाला सांगून टाकलं होतं, "शेजारच्या सीटवर बसून मी जाणार नाही."

लव्हेटाने तेव्हा वाद घातला नाही. पुढच्या वर्षी तो घाट चढण्याच्या स्थितीत असेल असं डॉक्टरांनी म्हटलं नव्हतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं. मंगळवारीच तिने रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या कुकोला फोन केला. कुको म्हणाला, जुन्याला आता डाख देण्यात अर्थ नाही, तांब्या-पितळेचा नवा करून आणतो, पण बसवायला मला गाडीपाशी यावं लागेल. व्हर्लनच्या हातांनी आता ते होणार नाही, हे त्याने बोलून दाखवलं नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता तो आला. नाव रेफुजिओ साल्दिवार, पण सगळा गाव कुको म्हणे. लव्हेटा त्याच्या धाकट्या मुलीची गॉडमदर, म्हणजे धर्ममाता होती, त्यामुळे त्याच्या स्पॅनिशमध्ये ती त्याची कोमाद्रे आणि व्हर्लन कोंपाद्रे.

"कॉफी आधी की काम, कोमाद्रे?"

"काम. कॉफी प्यायलास की तू दहा वाजेपर्यंत उठत नाहीस."

"आणि याला इथं अंधारात का बसवलंयस? बुरशी येईल."

"माझ्या गॅरेजात कुठं बसायचं ते मला कळतं," व्हर्लन खुर्चीतून म्हणाला. "नव्याला तरी नीट डाख दिलायस का?"

"दिलाय. तू जीभ लावून बघ."

लव्हेटाने राहिलेलं पाणी बादलीत काढलं. बॉनेट उचललं, वरच्या दोन आणि खालच्या दोन रबरी नळ्या सोडवल्या, जाळीची चौकट काढून जुन्या घोंगडीवर ठेवली. व्हर्लन क्रमाने सांगत होता आणि ती क्रमाने करत होती. रेडिएटर धरून ठेवणारे खालचे दोन नट मात्र तिला हलेनात. कुको गाडीखाली गेला. त्यालाही हलेनात. शेवटी त्याने पान्याच्या दांडीवर हातभर लांब नळी चढवली, पाय जमिनीत रोवले आणि जोर लावला. उजवा नट करकरला आणि सुटला; डाव्याला त्याहून जोर लागला.

कुको बाहेर आला तो तळहातावरचा नट बघतच.

"स्प्रिंगा कुठं आहेत?"

"कसल्या स्प्रिंगा?"

"या बोल्टावरच्या. आणि मधले रबर. रेडिएटर आणि चासीच्या मध्ये असतात ते."

"त्या होय. एकोणसाठलाच टाकून दिल्या," व्हर्लन म्हणाला. "मडगार्ड काढले, बंपर काढले, टप काढला. जे गाडी पळवत नाही ते काढायचं. सगळेच काढायचे."

"सगळ्यांनी मडगार्ड काढले, कोंपाद्रे. या कोणी काढल्या नाहीत."

कुको उलट्या बादलीवर बसला. रस्ता उंचसखल असला की चासी, म्हणजे गाडीखालचा लोखंडी सांगाडा, पिळते, तो म्हणाला. ही चासी दोन पट्ट्यांची, ती तर फारच पिळते. रेडिएटर म्हणजे पातळ पितळ. स्प्रिंग असली की तो आपल्या जागी डुलतो. लोखंडाला गच्च आवळला की चासीबरोबर तोही पिळतो, आणि कोपऱ्यातून फाटतो. डावा नट उजव्यापेक्षा घट्ट होता, म्हणून डावा कोपरा.

व्हर्लनने त्याच्या हातातला नट घेतला.

"आठ वेळा मी तो कोपरा डाखला," कुको म्हणाला. "दर वेळी तू रेडिएटर काढून पिकअपमध्ये टाकून दुकानात आणायचास. गाडी मला उघडी कधी दाखवलीच नाहीस. मला वाटायचं, माझाच हात कच्चा. एकदा तर पोराला सांगितलं, टॅकेटचं काम आता तू कर, माझ्याच्यानं नीट होत नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"लव्हेटा," व्हर्लन म्हणाला, "त्याला कॉफी दे."

कॉफी झाली. कुको दुकानात जाऊन तासाभरात स्प्रिंगा आणि रबराचे दोन तुकडे घेऊन आला. नवा रेडिएटर त्याने समोरून मिठीत घेऊन जागेवर तोलून धरला आणि लव्हेटा खाली गेली. रबर, मग चासीचा आडवा दांडा, मग स्प्रिंग, मग खाचांचा नट. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले होते, तिचा जोर पोचून पोचून किती पोचणार. व्हर्लन खुर्चीतून उठून वाकून बघत होता.

"अजून अर्धा आटा."

"कुको, बस का?"

"बस. स्प्रिंग पूर्ण दाबायची नाही."

"हलतोय तो," व्हर्लन म्हणाला.

"हलू दे," लव्हेटा खालून म्हणाली.

"रस्त्यात सुटेल."

"म्हणून तर नटात पिन घालायची असते, म्हाताऱ्या. आता गप्प बस, माझ्या तोंडावर गंज पडतोय."

पहिली पिन तिने घातली आणि टोकं वाकवली. मग ती बाहेर आली, हात पुसले आणि दुसरी पिन न बोलता त्याच्यापुढे धरली. व्हर्लनने ती घेतली. खाली बसायलाच त्याला वेळ लागला. कुशीवर पडून त्याने हात आत घातला. पिन भोकाभोवती फिरत राहिली, नटावर टिकटिकत राहिली. एकदा खाली पडली. लव्हेटाने ती उचलून त्याच्या बोटांत दिली, पण त्याचा हात धरला नाही. रेडिएटर सांभाळून उभा असलेला कुको समोरच्या भिंतीवरचे पाने मोजत असल्यासारखा बघत राहिला. चार मिनिटं गेली असतील. मग पिन आत गेली.

व्हर्लन तिथंच, सिमेंटवर, थोडा वेळ पडून राहिला.

"घाटात पहिल्याच वळणाला दुसरा गिअर टाक," तो छताकडे बघत म्हणाला. "तिसऱ्यात ओढत बसू नकोस. तुला ती सवय आहे."

"तेव्हा सांग. बाजूलाच असशील ना."

"हं," व्हर्लन म्हणाला.

शनिवारी सकाळी सव्वासहाला अकरा गाड्या निघाल्या. लव्हेटा बाराव्या वर्षी आर्विनच्या शेतावर ट्रक चालवायला शिकली होती, गिअर तिला नवे नव्हते. पहिल्या मैलात व्हर्लनने तिला सात सूचना केल्या, दुसऱ्यात चार. चढ लागल्यावर तो फक्त पाण्याच्या तापमानाच्या काट्याकडे बघत होता. काटा एकशे ऐंशी अंश फॅरनहाइटवर गेला, एकशे पंच्याऐंशीवर गेला आणि तिथंच थांबला. पाणी उकळायला अजून बरंच बाकी होतं. कीन गाव सोडल्यावर गाड्या जुन्या रस्त्याला लागल्या.

"इथं थांब," व्हर्लन म्हणाला.

रस्त्याच्या कडेला ओकच्या झाडाखाली थोडी मोकळी जागा होती. दर वर्षी रोडस्टर इथंच उकळायची. बाकीचे पुढे जात, आणि ती गार होईपर्यंत ही दोघं चाळीस मिनिटं इथं बसून तळलेली कोंबडी खात.

"काटा ठीक आहे," लव्हेटा म्हणाली.

"दिसतंय मला."

तिने गाडी कडेला घेऊन बंद केली. मागून क्लबातल्या ड्वेन प्रुएटची काळी कूप गाडी आली आणि हळू झाली.

"उकळली का, टॅकेट? कुकोला कोणीतरी डाख द्यायला शिकवा."

"डाख पक्का होता," व्हर्लन म्हणाला. ऐकू जाईल अशा बेताने त्याने आवाज वाढवला. "पहिल्यापासून पक्का होता. नट मी आवळत होतो. सदतीस वर्षं चुकीचे आवळले. वर गेलास की सगळ्यांना सांग."

ड्वेनला हसावं की नाही कळेना. "मग थांबलात कशाला?"

"भूक लागली."

कूप गेली. लव्हेटाने कागदी पिशवी उघडली. मांस हाडापासून सोडवून, त्याला धरता येतील असे तुकडे करून तिने रुमालावर ठेवले. खाली दरीत एक मालगाडी वळसा घेत चढत होती. डबे मोजायचं काम नेहमी व्हर्लनचं. तो पुटपुटत मोजू लागला. एकसष्टपर्यंत गेला आणि थांबला, डुलकी लागून मान तिच्या खांद्याला टेकली होती. पुढचे लव्हेटाने मोजले. एकशे चार भरले.