टिचबटणाची फीत

आमदारांच्या कार्यालयातून ‘खबरबात’ नावाचं चार पानी पत्रक दर महिन्याला निघायचं आणि मतदारसंघातल्या घराघरांत फुकट पडायचं. ते एकहाती लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे संपादक म्हणत, थोडं कौतुकानं आणि बरंचसं चिडवायला. आधी घडतं आणि मग त्याची बातमी होते, ही जगाची रीत संपादकांच्या गावीही नव्हती. छापखान्याला मजकूर आगाऊ लागायचा आणि आमदारांना अंक कार्यक्रमाच्या दिवशीच लोकांच्या हातात हवा असायचा, मग बिचाऱ्यांनी करायचं काय? ते सगळं आधीच लिहून मोकळे व्हायचे, तेही भूतकाळात. ‘प्रचंड गर्दीत उद्घाटन झाले.’ ‘उपस्थितांना गहिवरून आले.’ कार्यक्रम आहे हे लोकांना कळायच्या आत ते गहिवरलेले असायचे.

फोटोचीही अशीच सोय होती. कार्यालयाच्या कपाटात लाल साटीनची एक फीत होती. दरवेळी नवी कापून वाया कशाला घालवायची, म्हणून आमदारांच्या पीएनं तिच्या मधोमध टिचबटण लावून घेतलं होतं. साहेबांनी कात्री नुसती जवळ न्यायची, दुसऱ्या हातानं हळूच बटण सोडायचं, की फीत दोन्हीकडे गळून पडे आणि टाळ्या वाजत. या एका फितीनं आजवर व्यायामशाळा उघडली होती, बसथांबे उघडले होते आणि एकच पाण्याची टाकी दोनदा उघडली होती.

‘खबरबात’ची सगळ्यात निष्ठावंत वाचक म्हणजे संपादकांची आई. मथळ्यापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत ती एक अक्षर सोडत नसे, आणि मुलानं लिहिलंय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. या महिन्यात तर ती अंकाची अक्षरशः वाट बघत होती, कारण यावेळी पहिल्या पानावर पूल होता.

त्यांच्या घरामागून कालवा वाहायचा आणि कालव्यापलीकडे आईची धाकटी बहीण राहायची. म्हटलं तर हाकेच्या अंतरावर. पण जायचं तर हमरस्त्यानं वळसा घालून दोन बस बदलाव्या लागत, आणि बसची पायरी दिसली की आईचे गुडघे संपावर जात. त्यामुळे कित्येक वर्षं दोघी बहिणी दोन काठांवर उभ्या राहून ओरडून गप्पा मारत. मावशीला रात्री पित्त झालं तर सकाळी ते दोन्ही काठांवरच्या गल्ल्यांना ठाऊक असायचं.

आता मावशीचं घर विकलं गेलं होतं. मुलगी तिला आपल्याकडे, पार राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात नेणार होती. रविवारी सामान निघणार होतं.

“त्याआधी एकदा तिच्या घरात बसून चहा पिऊ दे रे मला,” आई संपादकांना म्हणाली होती. “सगळंच काही ओरडून बोलता येत नाही.”

आणि मजा अशी की पूल तयार होता. मधल्या भागावर टाकायचे लोखंडी पत्रे तेवढे राहिले होते, आणि तेही मुद्दाम. पत्रे टाकले तर लोक ये-जा सुरू करतील, मग मंत्र्यांनी येऊन काय वापरलेला पूल उघडायचा? म्हणून पत्रे काठावर ताडपत्रीखाली झाकून ठेवले होते, लग्नघरातल्या मिठाईसारखे. मंत्र्यांनी शनिवार दिला. संपादकांनी लिहून टाकलं, ‘पूल जनतेसाठी खुला.’ अंक छापून वाटायला गेले, आणि शुक्रवारी संध्याकाळी मंत्र्यांचा निरोप आला की या महिन्यात जमत नाही.

बाजारात तुरी म्हणतात ती ही. लोकांचं संपादकांना काही वाटलं नाही. लोकांना अशा अंकांची सवय होती. पण आईला काय सांगायचं या विचारानं ते रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी सांगू असं ठरवून उठले, तर आई घरात नव्हती. दारात पडलेला अंक नव्हता आणि तिची घडीची खुर्चीही नव्हती.

संपादक तसेच चपला अडकवून कालव्याकडे धावले. पाहतात तर आई पुलावर, जिथं पूल संपून हवा सुरू होते तिथं, खुर्ची टाकून बसलेली. समोर पलीकडच्या अर्ध्यावर मावशी स्टुलावर, बाजूला चहाचा थर्मास. मधे खाली पाणी. दोन्ही काठांवर ही गर्दी, आणि प्रत्येकाच्या हातात ‘खबरबात’! आयुष्यात पहिल्यांदा संपादकांनी आधी लिहिलेली प्रचंड गर्दी खरोखर जमली होती.

“आई, ऊठ. पूल अजून उघडला नाहीये.”

“उघडलाय की.” आईनं चष्मा नीट केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “‘ज्येष्ठ नागरिकांच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळले.’ मी ज्येष्ठ नागरिक. वेळेवर आलेय. पण अश्रू यायला आधी पलीकडे जायला नको का?”

“ताई, माझं नाव आलंय का गं त्यात?” पलीकडून मावशी ओरडली.

“नाही, पण गहिवरलेल्यांत तू आहेस!”

लोक खो खो हसले. संपादकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण पायाखाली धरणी नव्हती, अर्धवट पूल होता. तेवढ्यात आमदारांची गाडी आली. पीएनं उतरल्या उतरल्या डोकं चालवलं आणि आईच्या पुढ्यात, पुलाच्या तुटक्या टोकाला ती लाल फीत आडवी बांधून टाकली. फीत आहे म्हणजे उद्घाटन बाकी आहे, हे शेंबडं पोरही ओळखतं, असं त्याचं म्हणणं.

आमदार हात जोडून आईसमोर उभे राहिले. “आई, मंत्रीमहोदय पुढच्या महिन्यात येताहेत. एवढी वर्षं थांबलात, अजून थोडं.”

“मी थांबेन हो, साहेब. माझी बहीण थांबणार नाही. ती उद्या चाललीये.”

आमदार संपादकांकडे वळले आणि दातओठ खात, पण चेहरा हसरा ठेवून पुटपुटले, “छपाईची चूक झाली म्हणून सांगा सगळ्यांना. मोठ्यानं. नाहीतर उद्यापासून कार्यालयात यायची तसदी घेऊ नका.”

संपादकांनी घसा खाकरला. गर्दी शांत झाली. आई मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. तिला राग आला असता तर त्यांना सोपं गेलं असतं, पण ती नुसती वाट बघत होती, लहानपणी ते पाढे म्हणताना बघायची तशी. नोकरी गेली तर दुसरी देणार कोण, आणि असल्या लिखाणाचा अनुभव दुसरीकडे चालणार कुठं? तरी छपाईची चूक हे शब्द काही तोंडातून बाहेर पडेनात.

“साहेब,” ते शेवटी म्हणाले, “अंक घराघरांत गेलाय. तो आता बदलता येत नाही. पूल बदलता येतो. पत्रे इथंच ताडपत्रीखाली आहेत.”

“ऐका, ऐका!” मागून कुणीतरी ओरडलं. “काढा ती ताडपत्री!”

आमदारांनी एकवार गर्दीकडे पाहिलं, एकवार अंकावरच्या आपल्या हसऱ्या फोटोकडे. निवडणूक काही फार लांब नव्हती. “टाका रे पत्रे,” ते म्हणाले, जणू कधीपासून तेच सांगायला आले होते. “पण फीत राहू दे हां! मंत्र्यांचा मान आहे तो.”

पुलाचे कामगार आधीच गर्दीत उभे राहून मजा बघत होते. त्यांनी पत्रे उचलले, दणादण बसवले, बोल्ट आवळले. आई उठली, दोन पावलं चालली आणि फितीपाशी अडली. तिनं फीत बोटांत धरून पाहिली. जन्मभर घरच्यांचे कपडे शिवलेली बाई ती, तिला काय लागतंय!

“अगंबाई, टिचबटण आहे की!”

टिच. फीत उघडली. आई पलीकडे गेली, वळली आणि बटण नीट लावून टाकलं.

“घ्या साहेब. मंत्र्यांना उघडायला शिल्लक ठेवलीये.”

मग तिच्यामागे रांगच लागली. प्रत्येक जण टिच करून उघडी, जाई आणि मंत्र्यांचा मान राखून टिच करून लावी. संपादक पार झाल्यावर आमदारही गेले, कारण फोटोवाला पलीकडे उभा होता.

मावशीच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. कप बाहेर दोनच राहिले होते, म्हणून संपादकांना थर्मासच्या झाकणात चहा मिळाला. त्यांना वाटलं, आता दोघींची तोंडं थांबायची नाहीत. पण खोक्यांच्या मधे दोघी खेटून बसल्या आणि इतक्या हळू बोलू लागल्या, की दारात बसलेल्या संपादकांना एक शब्द ऐकू आला नाही. ते कालव्याकडे तोंड करून बसले.

निघताना मावशीनं आपली तुळतुळीत पानांची कुंडी आईच्या हातात दिली. पुलावर आल्यावर आईनं विचारलं,

“पुढचा अंक लिहायला घेतलास?”

“घ्यायचाय. साहेबांनी काढलं नाही तर.”

“काढत नाहीत. तुझ्याइतकं कोण लिहिणार त्यांच्यासाठी?” ती हसली. मग म्हणाली, “एक ओळ घाल त्यात. मावशी गेली नाही, इथंच राहिली.”

“आई…”

“झालं म्हणूनच लिही. तुझं आधी लिहिलेलं मागून खरं होतं, आज सगळ्यांनी बघितलं.”

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं कुंडी आणखी घट्ट धरली.

“फीत सोड रे,” ती म्हणाली.

त्यांनी बटण उघडलं. आई पलीकडे गेली, आणि ते परत लावायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.