पुढची सीट

सृष्टीला शाळेच्या व्हॅनमध्ये पुढे, आपल्या शेजारी बसवून गोटीरामला काय मिळणार होतं? तिच्या आईने, आशाने, दोन दिवस डोकं चालवलं. फायदा दिसेना, तसा संशय वाढला. फुकटची मेहरबानी करणारा व्हॅनवाला मखमलाबादेत अजून कुणी पाहिला नव्हता.

तिसऱ्या सकाळी झेंडूचे क्रेट टेम्पोत चढवायचे सोडून तिने त्याला गाठलंच. "काय हो भाऊ, माझ्याच पोरीवर एवढी माया?"

"ताई, मागची पोरं रोज तिच्या वेण्या ओढतात. झेंडूवाली म्हणून चिडवतात. घरी बोलली नाय का?"

आशा चरकली, पण हटली नाही. "मग त्या पोरांना उतरवा की!"

"चौघं एकाच सोसायटीतली. उतरवली तर माझी व्हॅन कशी चालायची?"

"आणि पुढे आधी कोण बसायचं?"

गोटीरामने नजर चोरली. "आमची कावेरी."

आशाने मागच्या काचेतून पाहिलं. त्याची लेक दप्तर पोटाशी धरून कोपऱ्यात बसली होती. एक वेणी सुटलेली, आणि तिची लाल रिबीन शेजारच्या पोराच्या बोटाला गुंडाळलेली.

सृष्टी सुटली होती, गोटीरामची चारही गिऱ्हाइकं टिकली होती. किंमत तेवढी कावेरी मोजत होती.