पेटीवाल्याची पाळी

जिनाप्पांनी भात्याची खिट्टी काढली, पेटीला शिवून हात कपाळाला लावला आणि एक सूर दाबून धरला. समोर सतरंजीवर गोल बसलेल्या माणसांनी डोळे मिटले.

"सावकाश श्वास घ्या. आप्पांच्या सुरात आपापला सूर सोडा," ऋचा म्हणाली.

माणसं गुणगुणायला लागली. कुणाचा सूर वर, कुणाचा खाली, पेटीशेजारी बसलेल्या मालुबाईंचा तर कुठंच नाही. जिनाप्पा भाता मारत राहिले. बोटं सवयीनं चालली होती, पण त्यांच्या स्वतःच्या कानात काही शिरत नव्हतं. बाजारात कुणीतरी भाव पुकारावा आणि आपल्याला काही घ्यायचंच नसावं, तसा तो सूर कानाजवळून निघून जात होता.

निपाणीत जैन समाजाच्या हॉलमध्ये शुक्रवारी हा कार्यक्रम चाले. बेळगावच्या टिळकवाडीतलं एक संगीत मंडळ आणि निपाणीच्या काही डॉक्टरांची संस्था, दोघांनी मिळून काढलेला. ज्याला झोप येत नाही, ज्याचं मन कशात लागत नाही, ज्याला जीव नकोसा झालाय, त्यानं यावं, थोडं गावं, थोडं बोलावं. गाण्याचं काम ऋचाचं, बोलतं करायचं काम विनोदिनी मॅडमचं. मॅडम मराठी माणसाशी मराठीत बोलायच्या, कानडी माणसाशी कानडीत, आणि दोन्ही येणाऱ्याशी तो ज्या भाषेत रडेल त्या भाषेत. आणि पेटी जिनाप्पांची. सगळा घोळ झाला होता तो इथंच.

जिनाप्पा मुळात पेटी वाजवायला आलेच नव्हते. त्यांना त्यांची सून क्षमा घेऊन आली होती, अकोळहून स्कूटीवर मागं बसवून. घरातलं हसतंबोलतं माणूस वर्षभरात मिठाच्या खड्यासारखं विरघळत चाललं होतं. बरं, काही झालं होतं म्हणावं तर तेही नाही! बायको धडधाकट, मुलगा गोमटेश कर्तासवरता, ऊस जोमात. कुणी गेलं नाही, कुणी भांडलं नाही. एके दिवशी बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, अभिषेक चालू असताना जिनाप्पांच्या ध्यानात आलं, की आपल्याला काहीच वाटत नाही. मूर्तीवरून दुधाची धार उतरत होती, सगळे हात जोडून उभे, आणि हे नुसतेच उभे. पुढं जेवणाची चव गेली. नातू मांडीवर येऊन बसला तरी कुणीतरी बसलंय, एवढंच कळायचं. मग ते शेतातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायला लागले, उठायचं नावच घेईनात, तेव्हा क्षमा घाबरली. सासरे शेताकडं निघाले की विळा दे, डबा दे, काहीतरी निमित्त करून ती गड्याला, भावकूला, त्यांच्या मागोमाग धाडायची. जिनाप्पांना ते कळायचं.

"मामा, शुक्रवारी निपाणीला जाऊ या. गाणी असत्यात म्हणं तिथं. बरं वाटंल तुमास्नी," ती म्हणाली होती.

"मला काय झालंय गं?"

"काय न्हाय झालेलं. तरी जाऊ या."

पहिल्याच दिवशी बेळगावचा पेटीवाला आला नाही. ऋचानं सहज विचारलं, इथं कुणाला पेटी येते का? झालं! दारू सोडायला म्हणून आलेला त्यांच्याच गावचा भरमा कोपऱ्यातून ओरडला, "अवो, हे काय जिनाप्पा बसल्यात की! पंचकल्याणक पूजेला ह्यांची पेटी ऐकायला पार चिकोडीपास्नं माणसं यायची!"

आता आपल्याकडं समोर सरकवलेल्या पेटीला नाही म्हणायची रीत नाही. नको म्हटलं तर माणूस माजलाय म्हणतात. जिनाप्पा सतरंजीवरून उठले आणि पेटीमागं जाऊन बसले, ते कायमचेच. गाणं झालं की बोलायची पाळी फिरायची. मालुबाईंपाशी थांबायची, त्या नको म्हणून मान हलवायच्या, आणि मग ती पाळी जिनाप्पांना ओलांडून भरमाकडं जायची. वाजवणाऱ्याला कोण विचारतो, बाबा, तुझं कसं चाललंय म्हणून?

वर कौतुक आणखी. कुणी सांगायचं, "आप्पा, तुमची पेटी आयकल्यापास्नं मला झोप लागाय लागली." कुणी वाकून पाया पडायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. जिनाप्पा मान डोलवायचे आणि खिट्टी लावायचे.

पण त्याहून वाईट घरी झालं. क्षमानं हॉलच्या दारातून सासऱ्यांना पेटीवर बघितलं आणि तिथूनच रडत नवऱ्याला फोन लावला, "अवो, मामांनी पेटी धरली!" घराचा जीव भांड्यात पडला. सासूनं पुरणाचा घाट घातला. आणि भावकूला मागं धाडणं बंद झालं. बरं झालेल्या माणसाच्या मागं राखण कशाला? काल जिनाप्पा सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत विहिरीच्या काठावर बसले होते. कुणी आलं नाही. खाली पाणी दिसत होतं आणि त्यांना भीती वाटत नव्हती. घरी येऊन ते जेवले. 'भाजी झ्याक झालीया,' असंही म्हणाले.

गुणगुणणं थांबलं. आजचा शुक्रवार जरा थाटाचा होता. मंडळाचे अध्यक्ष मार्तंडराव खास बेळगावहून आले होते. त्यांनी शाल उलगडली आणि जिनाप्पांच्या खांद्यावर घातली.

"औषधानं जे होत नाही ते ह्यांच्या सुरानं केलं," ते म्हणाले. "दोन शब्द बोला, आप्पा."

माईक तोंडाजवळ आला. जिनाप्पांनी दाराकडं बघितलं. तिथं क्षमा नातवाला कडेवर घेऊन हसत उभी होती.

"मी पेटी वाजवाय आलो न्हवतो," ते म्हणाले.

हॉलमध्ये हशा पिकला. मार्तंडरावांनी माईक आपल्याकडं घेतला. "ऐकलंत? याला म्हणतात विनय! वाजवायला आले नव्हते, तरी एवढ्यांचं भलं केलं!"

टाळ्या पडल्या.

"तसं न्हवं," जिनाप्पा म्हणाले. "मला काय वाटतच न्हाय." पण माईक दुसऱ्याच्या हातात आणि टाळ्या अजून चाललेल्या. शेजारी बसलेल्या मालुबाईंनीच तेवढं वर बघितलं.

"चला, आता शेवटचं गाणं. आप्पा, सूर द्या," ऋचा म्हणाली.

जिनाप्पांनी भात्यावर हात ठेवला. तो तसाच राहिला. मग त्यांनी खिट्टी लावली, शाल काढली, नीट घडी करून पेटीवर ठेवली आणि गुडघ्यावर हात रोवून ते उठले. सतरंजीवर येऊन मालुबाई आणि भरमा यांच्या मधे बसले.

"आप्पा, काय झालं? पाणी आणू व्हय?" भरमानं विचारलं.

"अहो, तुमची जागा तिकडं," मार्तंडराव हसत म्हणाले.

"राहू द्या त्यांना," विनोदिनी मॅडम म्हणाल्या. त्या खुर्चीवरून उठल्या आणि येऊन जिनाप्पांच्या समोर खाली बसल्या. इतके शुक्रवार त्या ह्यांना नावानं हाक मारत होत्या. तरी नव्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"जिनाप्पा."

"काय होतंय, जिनाप्पा?"

"कायबी होत न्हाय. त्येच तर. लोकास्नी सांगाय कायतरी असतंय. ह्येचा ल्योक गेला, तिचा नवरा गेला. माझं कायबी गेलं न्हाय. मग सांगायचं तरी काय?"

ऋचा उघड्या वहीवर हात ठेवून बसून राहिली. कुणीतरी खाकरलं. मालुबाई थोड्या सरकल्या आणि त्यांनी जिनाप्पांना मांडी घालायला नीट जागा करून दिली.

जिनाप्पांनी मांडी घातली. आवाजात रडू नव्हतं, काहीच नव्हतं. विहिरीतलं पाणी किती आहे हे सांगावं, तसे ते दाराकडं बघून बोलले.

"क्षमा, मला एकट्याला शेताकडं सोडू नगंस गं."

क्षमाचं हसू तोंडावरच राहिलं. तिनं पोराला दारातल्या बाईच्या हातात दिलं आणि पायातल्या चपला काढायचं विसरून ती तशीच सतरंजीवरून चालत आत आली.