समेटाची मेजवानी

फांग देहाईने माशाच्या दोन्ही अंगांना तिरक्या चिरा दिल्या, शेपटीला धरून तो कढईवर उलटा लटकवला आणि पळीने वरून उकळतं तेल सोडत राहिला. बाओडिंग शहरात मासा असा फुलवणारा दुसरा आचारी नव्हता, म्हणून सैनिक त्याला घरातून उठवून घेऊन आले होते. मुलाच्या थडग्यावरची माती अजून ओली आहे, हे त्याने त्यांना सांगितलं नाही.

लढाई जेमतेम आठवडाभर चालली. सेनापती लो यांच्या माणसांनी त्याच्या मुलाला, युन्शेंगला, भर बाजारातून उचलून गणवेश चढवला. रेल्वेच्या पुलापाशी तो सेनापती चू यांच्या तोफांखाली गेला. आता समेट झाला होता, आणि दोघे सेनापती पडद्यापलीकडे एकाच टेबलाशी बसले होते.

"दादा, तुमच्या तोफांनी फार छळलं हो," लो म्हणत होते.

"आणि तुझी पोरं सशासारखी पळाली. लष्करी शाळेत तूही असाच पळायचास."

दोघेही हसले. प्याले पुन्हा भरले गेले.

देहाईने ताट स्वतः नेऊन ठेवलं. लोंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"वा! माग, काय हवं ते."

देहाईने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"साहेब, लढाई कशावरून झाली?"

दाराशी उभा असलेला अधिकारी पुढे सरसावला. लोंनी त्याला हातानेच थांबवलं आणि शेजारी पाहिलं.

"कशावरून हो दादा?"

"ते सुभेदारीचं..." चू माशाचा तुकडा सोडवत म्हणाले. "नाही, त्याआधी तुझी ती तार आली होती. जाऊ दे रे. मिटलं ना आता."

देहाई वाकला आणि मागच्या पावली बाहेर आला.

घरी पोहोचला तेव्हा बायको पायरीवर शेंगा सोलत होती.

"पाहिलंत त्यांना?"

"पाहिलं."

"काही बोलले? आपला पोरगा कशासाठी गेला ते?"

देहाई तिच्याशेजारी टेकला. त्याच्या कपड्यांना तेलाचा वास येत होता.

"देशासाठी, म्हणाले. सांगताना दोघंही उठून उभे राहिले."

तिचे हात थांबले.

"उभे राहिले?"

"हो."

तिने मान हलवली, आणि पोरगा गेल्यापासून पहिल्यांदाच बाहीत तोंड खुपसून रडली.