बाविसाव्या वाढदिवसाची मॅच

गेले आठ रविवार ज्ञानेश्वरराव अकरा वाजले की घड्याळाकडे बघायचे आणि मग बायकोनं पाहिलं तर नाही ना, म्हणून तिच्याकडे. स्वातीबाई बघतच असायच्या. पण त्या तशाच भाजी निवडत राहायच्या, आणि तेच जास्त झोंबायचं.

रविवारी अकराला ज्ञानेश्वररावांची जागा लंडनजवळच्या पिनरमधल्या या सोफ्यावर नव्हतीच मुळी. ती स्टॅनमोरला, रवीच्या घरी, टीव्हीसमोरच्या डाव्या खुर्चीत होती. तिथं दोघं बसून बेसबॉल बघायचे. हो, बेसबॉल! सगळा जन्म क्रिकेटवर पोसलेला, त्यातही इतकी वर्षं इंग्लंडात, आणि या दोघा म्हाताऱ्यांना हे अमेरिकन खूळ कुठून लागलं, असं मराठी मंडळातले लोक विचारायचे. खूळ मूळचं रवीचं. शिकायला म्हणून तो दोनेक वर्षं सॅन फ्रान्सिस्कोकडे होता, तिथून घेऊन आला. त्र्याऐंशी साली हॅरोच्या लायब्ररीत हा माणूस तीन दिवसांचं शिळं अमेरिकन वर्तमानपत्र उघडून नुसते आकडे वाचत बसलेला दिसला. ज्ञानेश्वररावांनी मराठी चेहरा बघून विचारलं, "काय हो, शेअर बाजार का?" रवी म्हणाला, "छे हो, त्याहून गंभीर!" तिथून जे जमलं ते त्रेचाळीस वर्षं.

पुढे मॅच टीव्हीवर दिसायला लागल्या, पण तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची मध्यरात्र. म्हणून शनिवारची मॅच रेकॉर्ड करायची आणि रविवारी बघायची. तोवर निकाल कानावर पडता कामा नये. फोन बंद, रेडिओ बंद, मुलांना दम दिलेला. स्वातीबाई याला स्कोअरचं सोवळं म्हणायच्या. एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरचा कुणीतरी निकाल बोलायला लागला, तर ज्ञानेश्वरराव दोन स्टॉप आधीच उतरून पावसात चालत गेले होते.

आणि मॅच संपली की वाद. सगळ्यात अष्टपैलू खेळाडू कोण? रवीचं एकच उत्तर, त्याच्या तरुणपणीचा विली मेज. ज्ञानेश्वररावांची उत्तरं बदलत गेली, आणि अलीकडे ते आजच्या जपानी ओहतानीवर येऊन ठाम बसले होते.

"अरे, बोलिंगही करतो आणि सिक्सरही मारतो! याहून अष्टपैलू काय असतं?"

"बोलिंग नाही रे, पिचिंग! तुझं डोकं अजून आझाद मैदानावरच आहे. बॅट आणि बॉल, झालं तुझं. इथं पाच गोष्टी लागतात. टोलवणं, लांब टोलवणं, पळणं, झेलणं, फेकणं. पाचही मेजकडे होत्या. तुझा ओहतानी बाउंड्रीवर उभा राहून झेलतो का? बाकावर बसतो!"

"पन्नास होमरन आणि पन्नास चोरलेले बेस, एका सीझनमध्ये! केले का तुझ्या मेजनं?"

मग रवी आपला हुकमाचा पत्ता काढायचा. "मी त्याला डोळ्यांनी पाहिलाय. माझ्या बाविसाव्या वाढदिवशी. एकाहत्तर साल, जून महिना, आणि त्या मैदानावर वारा असा की दात वाजावेत. मेज चाळिशीचा. चार वाइड मिळाले, म्हणून चालत चालत पहिल्या बेसवर आला, आणि पुढच्या बॉलला पिचरचा हात हलतोय तोच पळत सुटून दुसरा बेस चोरला. चाळिशीत! धूळ झटकली, आणि बाजूच्या पोरगेल्या खेळाडूकडे बघून हसला."

इथं वाद संपायचा. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसापुढे बोलणार काय? मधुमतीवहिनी चहा आणायच्या आणि ज्ञानेश्वरराव तणतणत बिस्किट बुडवायचे.

आता ज्ञानेश्वररावांचा स्वभाव सांगायला हवा. तीस वर्षं त्यांनी क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात कागद तपासले होते. कुणाच्या लग्नाची तारीख आणि विमानाची तारीख जुळत नाही, हे त्यांना चष्मा पुसता पुसता दिसायचं. रिटायर झाले, पण खोड गेली नाही. एप्रिलमध्ये त्यांना इंटरनेटवर बेसबॉलच्या जुन्या मॅचेसची जंत्री सापडली. साल, तारीख, कोण कुठे खेळलं, सगळं. त्यांनी एकाहत्तरचा जून काढला आणि रवीच्या वाढदिवसाची तारीख बघितली. त्या दिवशी मेजचा संघ सॅन फ्रान्सिस्कोत नव्हताच. दुसऱ्या गावी होता, हजारो मैलांवर.

शहाण्या माणसानं हे खाजगीत विचारलं असतं, किंवा गिळलं असतं. ज्ञानेश्वररावांनी मेमधल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला, रवीच्या घरी, भरल्या पानावर सांगितलं. मुलगा-सून होते, युनिव्हर्सिटीतून आलेली नात अन्वी होती. रवीनं नेहमीची गोष्ट सुरू केली, वाऱ्यापर्यंत आला, आणि यांनी फोन काढून टेबलावर ठेवला. "हे बघ. तुझा मेज त्या दिवशी तिथं नव्हताच. त्रेचाळीस वर्षं थापा मारतोयस लेका!" आणि वर हसले.

रवी हसला नाही. त्यानं फोन हातात घेतला, बराच वेळ बघितलं. अन्वीनं निरागसपणे विचारलं, "सो आजोबा, ते स्टोरी मेड-अप होता?" रवीनं फोन खाली ठेवला आणि तो अर्धं जेवण टाकून वर निघून गेला. पुढच्या रविवारी वहिनींचा मेसेज आला. यांना बरं वाटत नाहीये, आज नको. त्याच्या पुढच्या रविवारी तेवढाही आला नाही.

ज्ञानेश्वरराव आधी फणकारले. थाप पकडली म्हणून एवढा राग? मग जूनमध्ये रवीचा सत्त्याहत्तरावा वाढदिवस आला. त्यांनी चारदा फोन उचलला आणि चारदा खाली ठेवला. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा शुभेच्छा चुकल्या. त्या दिवसापासून मात्र त्यांना अन्न गोड लागेना. मित्र गेला हातचा, आणि तोही आपल्याच तोंडानं, हे त्यांना नीट कळलं होतं.

जुलैच्या पहिल्या शनिवारी स्वातीबाईंनी एक स्टीलचा डबा त्यांच्यापुढे आणून ठेवला.

"मधुमतीचा आहे. बँक हॉलिडेला आपण उरलेली खीर आणली होती ना, तिचा. दोन महिने पडलाय. मी नारळाच्या वड्या भरल्यात. देऊन या."

"मी? पोस्टानं पाठव."

"अहो, डबा कुणी पोस्टानं पाठवतं का? दारात द्या आणि परत या. आत जायला कुणी सांगितलंय!"

एच-ट्वेल्व्ह बसमध्ये ज्ञानेश्वरराव डबा मांडीवर घेऊन बसले. काय बोलायचं ते तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. दार मधुमतीवहिनींनी उघडलं. अंगावर जरीची साडी, हाताला कुंकू लागलेलं.

"भाऊजी! या, आत या. बरोबर वेळेवर आलात."

"नाही वहिनी, मी फक्त डबा..."

"डबा काय दारात देतात? या म्हणते ना."

डायनिंगची खुर्ची पूर्वेकडे तोंड करून मांडलेली होती. तिच्यावर रवी बसला होता, डोक्यावर काळी टोपी, कपाळावर ओलं कुंकू. पुढे तबकात निरांजन, सुपारी, अंगठी. यांना बघून त्यानं मान खाली घातली. वाळला होता. पिनरला बसून फुगलेला ज्ञानेश्वररावांचा राग त्या क्षणी विरून गेला.

"हे काय वहिनी? वाढदिवस तर गेल्या महिन्यातच झाला!"

"तो तारखेचा. आज तिथी आहे, ज्येष्ठ वद्य पंचमी. यंदा अधिक महिना आला म्हणून इतकी लांबली. केक कापायला तारीख मुलांची, पण ओवाळते मी तिथीला. सासूबाईंनी सांगून ठेवलंय. यांना लाज वाटते, म्हणून कुणाला सांगत नाही आम्ही."

त्यांनी रवीला ओवाळलं. निरांजन गोल फिरत होतं आणि ज्ञानेश्वररावांच्या डोक्यातही काहीतरी फिरायला लागलं. तीस वर्षं तारखा तपासल्या, आणि एवढं साधं सुचलं नाही?

"रवी," ते म्हणाले. दोन महिन्यांनी पहिला शब्द. "एकाहत्तर साली तू कुठला वाढदिवस पाळलास? तारखेचा की हा?"

रवीनं मान वर केली. "जाऊ दे ना रे. तू म्हणालास ते बरोबर होतं."

"प्रश्नाचं उत्तर दे."

"मी खोटं बोललो नव्हतो, ज्ञानू." रवी म्हणाला. "मला खरंच आठवतंय. वारा, ती धूळ, त्याचं हसणं. पण तू ते दाखवलंस आणि मला वाटलं, झालं, आता डोकं गेलं. कुठंतरी वाचलेलं, टीव्हीवर पाहिलेलं, मी माझंच म्हणून सांगत बसलो. मग बाकीचं तरी खरं कशावरून? रोज रात्री एकेक गोष्ट तपासतो. आईचा चेहरा, आमच्या मिरजेच्या शाळेचं फाटक. कशाचीच खात्री वाटत नाही रे. म्हणून म्हटलं, तू येऊ नकोस. अजून काय काय पकडशील, याची भीती वाटली."

ज्ञानेश्वरराव समजत होते, मित्र रुसलाय. आणि हा माणूस आठ आठवडे स्वतःच्याच आयुष्यावरचा विश्वास घालवून बसला होता. स्वतःच्या कानाखाली मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

"उत्तर दे रे," ते जवळजवळ ओरडले. "कुठला वाढदिवस?"

रवी गोंधळला. "तारीख कुठली तेव्हा! तारखेचं सगळं मुलं झाल्यावर. तेव्हा आई पत्रातून कळवायची, यंदा तुझी पंचमी अमक्या दिवशी आहे. त्या वर्षी लिहिलं होतं, ओवाळायला मी नाही, तर खोलीत एकटा बसू नकोस, चार माणसांत जा. म्हणून तर गेलो मी मॅचला. चार माणसं कुठे भेटणार, म्हणून..." तो थांबला. त्याचा हात टोपीकडे गेला.

"वहिनी, तुमच्या फोनमध्ये पंचांग आहे ना? एकाहत्तर साल काढा. ज्येष्ठ वद्य पंचमी."

मधुमतीवहिनींनी चष्मा लावला. बोट पुसलं, स्क्रीन सरकवली, मागे, आणखी मागे. त्यांनी तारीख वाचली. रवीच्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधीची.

ज्ञानेश्वररावांनी आपला फोन काढला. ती जंत्री त्यांना पाठ होती, तरी बोट चुकत होतं. सापडली. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. सॅन फ्रान्सिस्को, घरचं मैदान. मेजच्या नावापुढे एक वॉक, म्हणजे चालत मिळालेला पहिला बेस, आणि चोरलेला बेस, एक.

त्यांनी फोन रवीच्या हातात दिला, मेमध्ये टेबलावर ठेवला होता तोच.

रवीनं वाचलं. ओठ हलत होते. मग फोन छातीशी धरून तो सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडला. "होता तो तिथं," तो म्हणत होता. "होता. मी होतो तिथं. आईनं पाठवलं होतं मला." वहिनींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याही रडत होत्या.

"चुकलो मी," ज्ञानेश्वरराव म्हणाले. "अन्वीला आजच्या आज फोन करून सांगतो. आणि ऐक, तुझंच खरं. मेजच सगळ्यात अष्टपैलू. मानलं."

रवीनं झटकन मान वर केली. डोळे भरलेले, टोपी वाकडी. "खबरदार! वाढदिवसाची भीक देतोस काय? पटल्याशिवाय मानायचं नाही. उद्या ये अकराला आणि भांड."

"आज रात्रीची मॅच..."

"लावलीय रेकॉर्डिंगला. आठही आठवडे लावलीय. बघितली एकही नाही."

ज्ञानेश्वररावांनी नारळाची वडी रवीच्या हातावर ठेवली, खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसले. ही गोष्ट त्यांनी शेकडो वेळा ऐकली होती, पण दर वेळी मधेच तोडून.

"सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग. आईच्या पत्रापासून. मी मधे बोलणार नाही."

रवीनं टोपी सरळ केली. "वारा होता रे," त्यानं सुरुवात केली, "असा वारा, की दात वाजावेत."