दूध येईपर्यंतचा फोटो

मी एक फोटो बोलतोय. कागदावरचा नाही, भिंतीवरचाही नाही. इंटरनेटवर फोटो विकायची दुकानं असतात, तसल्या एका दुकानात मी पडून असतो. पडून म्हणजे नेमका कुठे, ते मलाही सांगता यायचं नाही. कुणी शोधायला शब्द टाकले आणि ते माझ्याखालच्या शब्दांशी जुळले, तर मी दिसतो. नाही जुळले तर मी नसतो. याचं सुख नाही, दुःखही नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटत नाही.

जन्म शनिशिंगणापूरचा. धनश्री सावेडीहून मावशीकडे आली होती, गळ्यात नवा कॅमेरा. मावशी म्हणजे लंकाबाई, तिच्या आईची थोरली बहीण. दुपारच्या चहाचं आधण ठेवलं आणि दूध नासलं. लंकाबाईंनी मुलाला, कानिफनाथला, डेअरीवर पिटाळलं आणि स्वतः पायरीवर येऊन बसल्या, चौकटीला पाठ टेकून. चौकट नुसतीच. आमच्याकडे घराला दार बसवत नाहीत. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून फळी लावली की झालं.

"ह्याला दूध आनाया धाडलंय का गाय इकत घ्यायला?" असं पुटपुटत लंकाबाईंनी रस्त्याकडे मान वळवली. धनश्रीनं बटण दाबलं आणि मी झालो.

माझ्यात काय आहे ते सांगतो. सुरकुतलेला, जरा वैतागलेला चेहरा. रस्त्याकडे लागलेले डोळे. मागे बिनदाराची चौकट आणि डाव्या हाताला चुन्याची मोकळी भिंत. आतलं आधण माझ्यात नाही. थोड्या वेळानं दूध घेऊन आलेला आणि वर आईची बोलणी खाल्लेला कानिफनाथही माझ्यात नाही.

धनश्रीनं मला दुकानात चढवलं तेव्हा आपल्या मनातले शब्द खाली लिहिले. लंकामावशी, दुपार, पायरी, चहा. झालं. वर्षभर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. लंकामावशीला कोण शोधणार?

सावेडीत परवेझचा स्टुडिओ आहे. तो लग्नाचे फोटो काढायचा आणि उरलेल्या वेळात माझ्याच दुकानात आपले फोटो विकायचा. धनश्रीनं त्याला माझे शब्द दाखवले तर त्याला हसू आलं.

"अगं, ही तुझी मावशी आहे ते तुला माहीत. घेणाऱ्याला काय त्याचं? त्याच्या डोक्यात कुठला शब्द असेल तो लिही."

"म्हणजे काय लिहू?"

"आधी दिसतंय ते. म्हातारी, भारत, खेडं. महत्त्वाचे शब्द पुढे ठेव, शोधताना सगळा जोर त्यांच्यावर असतो. उगाच कोंबाकोंबी करू नको. भलतेच शब्द टाकले तर लोक बघतात आणि पुढे जातात, मग फोटो पार मागे पडतो. ही भिंत मोकळी आहे ना, जाहिरातवाले तिथं मजकूर छापतात. 'मोकळी जागा' टाकच. आणि शेवटी भावना. खरी विकली जाते ती भावना."

"ती चिडली होती रे. दादा दूध घेऊन येईना म्हणून."

"चिडलेली म्हातारी कुणाला पाहिजे? एकटी लिही. वाट बघणारी लिही. सोडून दिलेली लिही. आणि दार नाही, तर मोडकं घर."

"मोडकं कुठंय? शिंगणापूरला दारं नसतात."

"ते तुला आणि मला ठाऊक."

परवेझ माणूस वाईट नव्हता. लोक कसे शोधतात ते त्याला कळत होतं आणि त्यात त्याचं काही चुकलंही नाही. धनश्री थोडी घुटमळली आणि मग तिनं ते सगळे शब्द इंग्रजीत लिहून टाकले.

मी धडाधड विकला जाऊ लागलो. एका वृद्धाश्रमाच्या पत्रकावर गेलो. मुलांनी टाकून दिलेल्या आयांवरच्या एका परदेशी लेखावर गेलो. चुन्याच्या भिंतीवर कुणीकुणी काय काय छापलं. मी कशाकशावर छापला जातो ते लंकाबाईंना ठाऊक नव्हतं. "माजा फोटू नेटवर इकत्यात म्हनं," असं त्या बाजारात कौतुकानं सांगायच्या.

रोज तेच शब्द यायचे. एकटी, सोडून दिलेली. शब्द आले की मी उभा राहायचो. तेच तेच ऐकून मलाही वाटायला लागलं की माझ्यातल्या बाईला कुणीच नसावं.

मागच्या हिवाळ्यात लंकाबाई गेल्या. ताप आला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. धनश्री भेटायला गेली तेव्हा कानिफनाथ त्याच पायरीवर बसला होता. घरात आईचा धड असा एक फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, त्यात ती ओळखूसुद्धा येत नव्हती.

"धनू, तू काढल्याला फोटू दे मला."

"घरच्या कॉम्प्युटरवर आहे दादा. आज गेले की पाठवते."

"पाठव की. पर मला आत्ता बघायचंय. नेटवर हाय ना?" त्यानं मोबाईल काढून धनश्रीकडून माझं दुकान उघडून घेतलं. 'लंकाबाई' टाकलं. मी आलो नाही. 'शनिशिंगणापूर' टाकलं. शनीचा चौथरा आला, दर्शनाच्या रांगा आल्या. मी त्यातही नव्हतो.

"काय टाकू म्हंजे आई यील?"

धनश्री म्हणाली, "दे, मी टाकते."

"तू निस्तं सांग. टाकतो मी."

तिनं इंग्रजी एकेक अक्षर सांगितलं. तो एका बोटानं टाकत गेला. पहिला शब्द 'एकटी'चा, तो त्याला कळला. दुसऱ्यापाशी बोट थांबलं.

"ह्याचा अर्थ काय?"

"सोडून दिलेली," धनश्री म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवेना.

मी आलो. सगळ्यात वर आलो. कानिफनाथनं मला बराच वेळ पाहिलं.

"कुनी सोडली?" त्यानं विचारलं. आवाज चढला नाही. "मी दूध आनाया गेल्तो."

धनश्री रडली. तो रडला नाही, नुसता मोबाईल धरून बसला.

त्याच दिवशी घरी जाऊन तिनं माझे सगळे शब्द पुसले. नवे लिहिले. लंकाबाई, शिंगणापूर, बिनदाराचं घर, चहा, दूध आणायला गेलेला मुलगा. जे विकून गेलं ते मात्र परत येत नाही. कुठल्या तरी पत्रकावर लंकाबाई अजून निराधार आहेत आणि यापुढेही राहतील.

आता मला कुणी विकत घेत नाही. तुम्ही कधी कुणाच्या फोटोखाली शब्द लिहायला बसलात, तर खुशाल विकला जाईल असं लिहा. पण ते शब्द त्या माणसाच्या घरात मोठ्यानं वाचता येतील का, एवढं बघा.

एक फोन मात्र अजून मला शोधतो. कानिफनाथचं देवळाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की तो एका बोटानं 'लंकाबाई' टाकतो आणि मी येतो. मला काही वाटत नाही असं मी म्हणालो होतो. त्या वेळी वाटतं.

"आलो गं आई," तो हळूच म्हणतो.

ती रस्त्याकडेच बघत असते. माझ्यात दूध अजून यायचंय.