अधिक महिन्याचा बर्फ

“नारकंड्याला फोन केला होता. अजून बर्फ नाही. गाडीचं रिझर्व्हेशन रद्द करून आलो.”

वसुबारसेच्या संध्याकाळी, पायांतले बूटही न काढता, श्यामकांत करंदीकर यांनी एवढे निवेदन केले आणि ते हातपाय धुवायला मोरीत गेले. निवेदन म्हणायचे ते अशासाठी की, अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात प्रॉडक्शन ऑफिसर झाल्यापासून हा गृहस्थ घरातही बोलत नसे; कळवीत असे.

त्यांच्या पत्नी वृंदाबाई उल्हासनगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवीत. पुरावा हाती आला की तो कोणी निर्माण केला आणि तो खरा मानल्याने कोणाची सोय होते, हे आधी विचारायचे, असे त्या दर जूनमध्ये नव्या वर्गाला बजावीत. घरी मात्र त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. पंडित म्हणवणाऱ्या माणसांची ही जुनीच रीत आहे: मृतांची उलटतपासणी घ्यायची आणि जिवंतांवर विश्वास ठेवायचा.

त्या संध्याकाळी चकल्यांचा सोऱ्या दाबता दाबता त्यांनी तो विचारला. स्वतःलाच.

फोन कुठून केला? घरचा फोन अजून वेटिंग लिस्टवर होता. कारखान्यातल्या फोनला कुलूप असून किल्ली मॅनेजरच्या खिशात असते, ही तक्रार खुद्द श्यामकांतांचीच. बर्फ नाही असे सांगणारा कोण? त्याचे नाव एकदाही उच्चारले गेले नव्हते. आणि हीच वाक्ये, याच क्रमाने, ब्याऐंशी साली ऐकली होती. तेव्हा ट्रंक कॉल लावून अर्धा दिवस खुर्चीत बसावे लागे; हे मात्र नेहमीच्या वेळेला घरी आले होते. पुढे पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी आणि एक्क्याण्णव सालीही तेच. एखाद्या राजाच्या शिलालेखात तोच विजय पाच वेळा आला, तर आपण काय म्हणतो?

वर्षे अशी तुटक येण्याचे कारण पंचांगात होते. सगळ्यांच्या सुट्ट्या जुळत त्या दिवाळीतच आणि एरवीच्या दिवाळीत हिमाचलातल्या नारकंड्याला नुसते ऊन. पण अधिक महिना पडला की दिवाळी नोव्हेंबरच्या मध्याला सरकते. म्हणजे बर्फाच्या पंधरा-वीस दिवस जवळ. हा सिद्धांत वृंदाबाईंचाच. पंचांग सण हलवते, सूर्याला हलवत नाही, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. तरी नवे पंचांग घरात आले की त्या आधी अधिक मास शोधीत, आणि सापडला की बाजारातून लोकर आणीत. ब्याऐंशी साली दहा वर्षांच्या उमासाठी विणलेला लाल स्वेटर असा दर खेपेला उसवून, नवी लोकर घालून, मोठा होत गेला होता. अंगावर तो एकदाही चढला नव्हता. अंबरनाथ पूर्वेला स्वेटर घालायचा तर पंखा पाचवर ठेवावा लागतो.

यंदा, त्र्याण्णव साली, अधिक भाद्रपद आला. आणि उमाचे लग्न ठरले, माघात. पुढच्या अधिक महिन्यात ती या घरात वाण घ्यायला येणार होती, नवऱ्याबरोबर. तिघांनी मिळून बर्फ पाहायचा तर हीच दिवाळी.

“आई, हा उसवायचा की ठेवायचा?” उमाने आतून विचारले. “तिकडच्यांच्या मापाचा विणून टाक. जावयाला धोंड्याचं वाण म्हणून. त्यांना नागपुरात घालायला.”

“ठेव,” वृंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका शांत होता की उमा बाहेर येऊन बघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून नारकंड्याच्या हॉटेलला फोन लावला. लाइन लागायला वेळ लागला. काचेच्या त्या पेटीत उभ्या असताना त्यांना बदलापूर गावातले लहानपण आठवले. तिथे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरची, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी. तिला हात लावला की भुसा बोटांना चिकटे. पुढे कांदेपोह्यांच्या दिवशी सासूबाईंनी पत्रिकेआधी एक फोटो पुढे केला: काळा चष्मा, लोकरी टोपी, दोन हातांत दोन काठ्या. “आमचा श्याम मनालीला कोर्स करून आलाय. बर्फावरून घसरतो.” भुसा नसलेला बर्फ पाहिलेला माणूस वृंदाने त्या दिवशी प्रथम पाहिला, आणि होकार दिला. इतर कारणे तिने नंतर जमवली.

“हां जी, नारकंडा.”

“बर्फ गिरी है क्या?”

“अभी तो धूप है, बहनजी.”

“कब गिरेगी?”

पलीकडे हसू आले. “ये तो ऊपरवाला जाने. कभी दिवाली में गिर जाती है, कभी लोग जनवरी तक राह देखते हैं. आप आ जाओ. करंदीकर साहब के कमरे रखे हुए हैं.”

“रखे हैं? उनका फोन नहीं आया?”

“किसी का फोन नहीं आया जी. सावन में चिट्ठी आई थी, बस.”

फोन ठेवताना त्यांना एक विचित्र, अभ्यासकाचे समाधान झाले. बर्फ नाही, हे खरे निघाले होते. पुरावा तेवढा बनावट. असा प्रकार त्यांच्या विषयात दुर्मिळ नाही. पण त्यामागे अकरा वर्षे लोकर उसवीत बसलेली बाई त्यांच्या विषयात कुठे आढळत नाही.

घरी शेजारचे कमळाकर बसले होते. दारातूनच आवाज येत होता. “काय श्यामराव, यंदा तरी घसरणार का? का याही वर्षी मोझॅकवरच?” सोसायटीच्या गणपतीत श्यामकांत ‘बर्फावरचे दिवस’ या विषयावर बोलत आणि पडद्याचे दोन दांडे हातांत धरून, गुडघे वाकवून, वळण कसे घ्यायचे ते फरशीवर दाखवीत. पोरे टाळ्या वाजवीत.

कमळाकर चहा संपवून गेले. वृंदाबाईंनी दार लावले.

“अहो, फोन कुठून केलात?”

“कारखान्यातून.”

“कुलूप?”

“काल उघडं होतं.”

“मी केला आत्ता. ऊन आहे म्हणाला. तुमचा फोन आला नाही, असंही म्हणाला.” त्यांनी भिंतीवरच्या त्याच फोटोकडे पाहिले. बावीस वर्षे तो तिथे होता आणि बावीस वर्षे तो कमरेशी कापलेला होता. ज्या माणसाला बर्फ दाखवायचा आहे, त्याच्या फोटोतून बर्फच तेवढा वगळावा, ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलांनीही हेरली असती. “या फोटोत कमरेखाली काय आहे?”

“पाय असतील गं,” उमा हसून म्हणाली.

श्यामकांत उठले. फोटोजवळ गेले, तिरका नसतानाही तो सरळ केला, आणि भिंतीकडेच तोंड ठेवून बोलले. त्या दिवशी त्यांनी काही कळवले नाही. ते जे बोलले ते वृंदाबाईंनी एका अक्षराचाही फरक न करता जपून ठेवले आहे:

“गवत आहे. पंधरा दिवस रोज पहाटे उठून आम्ही वर बघायचो, पण त्या वर्षी पडलाच नाही. मग शेवटच्या दिवशी मास्तरांनी गवतावर उभं करून सगळ्यांचे फोटो काढले. आईने विचारलं तेव्हा हो म्हणालो, मग तू बघायला लागलीस त्याच्याकडे, आणि मग खरं सांगायचं राहूनच गेलं. तिकडे नेलं असतं आणि बर्फ असता, तर तुमच्यादेखत पहिल्याच पावलाला पडलो असतो मी. काल रद्द करायला कल्याणला गेलो होतो. खिडकीपर्यंत पोचलो आणि रांग सोडून परत आलो. तिकिटं बॅगेत आहेत. बर्फ नसेल, माहीत आहे मला. पण वृंदा, मी पण नाही गं पाहिलेला अजून.”